चार रुपये पगाराचा बोलर

यंदा चैत्र यात्रेला आपल्या सोसायटीतली बरीच मंडळी जोतिबाला गेली होती. संध्याकाळी सगळे गुलालाने माखून परत आले, तेव्हा पार्किंगमध्ये पोरांची मॅच रंगली होती. आपल्या वॉचमनचा मुलगा डाव्या हाताने बोलिंग टाकत होता. दुपारपासून तोच टाकतोय म्हणे. बॅटिंग मिळाली का, असं विचारलं तर नुसता हसला. मला एकदम पळवणकर बाळू आठवले. स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असा आग्रह होताच, म्हणून त्यांच्याविषयीच लिहितो.

बाळूंचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. चर्मकार समाजातलं कुटुंब. मुलं वाढली पुण्यात. तिथल्या पारशी क्लबात मैदान झाडायचं आणि पिचवर रोलर फिरवायचा, पगार महिना तीन रुपये. पुढे युरोपियनांच्या पूना क्लबात चार रुपये मिळू लागले. जाळ्या लावायच्या, टेनिस कोर्टाच्या रेषा आखायच्या आणि साहेबलोकांना नेटमध्ये बोलिंग टाकायची. ग्रेग नावाचा नामांकित बॅट्समन खास त्यांच्या बोलिंगवर सराव करायचा. आउट केलं की आठ आणे बक्षीस द्यायचा, असं सांगतात. हजारो चेंडू टाकून बाळूंची फिरकी तयार झाली. पण त्या क्लबात त्यांच्या हाती बॅट कुणी दिली नाही.

हिंदूंच्या क्लबाला युरोपियनांना हरवायचं होतं. बाळूंना घ्यावं की नाही यावर बरीच कुरकुर झाली, शेवटी घेतलं. पण चहाच्या वेळी बाकीचे आत कपबशीतून चहा प्यायचे आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात मिळायचा. जेवणाचं ताटही वेगळं. हे वाचल्यावर मी जरा गप्प झालो. आमच्या घरी खिडकीत एक वेगळा कप असायचा, तो कुणासाठी होता हे मला लहानपणापासून माहीत होतं.

बाळू मुंबईला आले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्यात त्यांच्या बोलिंगचा मोठा वाटा होता. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ सपाटून हरला. पण पस्तिशीतल्या बाळूंनी खांदा दुखत असतानाही त्या दौऱ्यात ११४ विकेट्स काढल्या. म्हणजे बघा, पगारी बोलर म्हणून सुरुवात केलेला हा माणूस विलायतेत आपल्या संघाची अब्रू राखून आला.

तरी हिंदू संघाची कॅप्टनशिप काही मिळाली नाही. जात आडवी यायची. १९२० मध्ये तर त्यांना संघातूनच वगळलं. तेव्हा त्यांचे भाऊ शिवराम आणि विठ्ठल संघाबाहेर पडले. दोघेही पट्टीचे बॅट्समन, म्हणून गाजावाजा झाला. मग बाळूंना परत बोलावून उपकर्णधार केलं. कर्णधारपद घरात आलं ते १९२३ मध्ये, धाकट्या विठ्ठलच्या वाट्याला. थोरल्याला त्याचा आनंद झाला असणार, आणि थोडं वाईटही वाटलं असणार, असं आपलं माझं मत.

पुढे ते राजकारणात उतरले. १९३२ च्या पुणे करारावर बाबासाहेबांबरोबर त्यांचीही सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत मात्र काँग्रेसतर्फे बाबासाहेबांच्याच विरुद्ध उभे राहिले आणि ११,२२५ विरुद्ध १३,२४५ मतांनी हरले. क्रिकेट खेळताना बाळूंचं कौतुक करणाऱ्यांत स्वतः बाबासाहेबही होते, त्यामुळे ही लढत वाचताना जीव थोडा अडकतो.

भारत पहिली कसोटी खेळला तो १९३२ मध्ये, म्हणजे बाळूंच्या खेळण्याचे दिवस संपल्यावर. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत ते वारले.

माझी जुनी बॅट माळ्यावर पडून होती. ती खाली काढून वॉचमनच्या मुलाला दिली आहे. आता पहिली बॅटिंग कुणाची, यावरून पार्किंगमध्ये रोज भांडण होतं. आवाजाचा त्रास होत असेल तर तक्रार माझ्याकडे करावी.