यंत्रयुगाचा सावध द्रष्टा : नॉर्बर्ट वीनर

आज विद्यार्थी निबंधासाठी, आजारी माणूस औषधासाठी आणि नोकरी शोधणारा अर्जासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेकडे धाव घेतो. अशा वेळी, यंत्रावर विसंबण्यातील धोका १९५० च्या सुमारासच ओळखणाऱ्या एका गणितज्ञाची ओळख करून द्यावी असे मला वाटते.

नॉर्बर्ट वीनर यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८९४ रोजी अमेरिकेतील कोलंबिया (मिसुरी) या गावी झाला. वडील लिओ वीनर पुढे हार्वर्ड विद्यापीठात स्लाव्ह भाषांचे प्राध्यापक होते. लहानपणी त्यांनीच मुलाला घरी शिकविले. बीजगणितात चूक झाली की ते कडाडत. आठव्या वर्षी डोळ्यांसाठी डॉक्टरांनी सहा महिने वाचन बंद केले, तेव्हा वीनर ऐकून शिकले, मनातल्या मनात गणिते करू लागले. चौदाव्या वर्षी ते पदवीधर झाले आणि अठराव्या वर्षी हार्वर्डची डॉक्टरेट मिळाली. मी आज एकोणीस वर्षांचा आहे! १९१९ पासून ते मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत शिकवू लागले.

दुसऱ्या महायुद्धात विमानवेधी तोफेसाठी, विमान पुढे कोठे असेल हे वर्तविणाऱ्या यंत्रावर त्यांनी काम केले. यंत्र असो वा प्राणी, झालेली चूक परत कळली तरच पुढची कृती सुधारते, हे तत्त्व त्यांनी १९४८ साली 'सायबरनेटिक्स' या ग्रंथात मांडले. हे नाव कर्णधार या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घेतलेले आहे.

परंतु यशाने ते आंधळे झाले नाहीत. आपले संशोधन क्षेपणास्त्रांसाठी देण्यास त्यांनी नकार दिला व तो १९४७ साली जाहीर केला. स्वयंचलित यंत्रांमुळे कामगार बेकार होतील, असा इशारा १९४९ मध्ये त्यांनी कामगारनेते वॉल्टर रॉयथर यांना पत्राने दिला. १९५५-५६ मध्ये ते कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतही अध्यापनासाठी आले होते. १८ मार्च १९६४ रोजी स्टॉकहोम येथे त्यांचे निधन झाले.

यंत्र आपण मागितले तेच देते, मनात होते ते नव्हे, हे त्यांचे सांगणे होते. त्यासाठी ते माकडाच्या मंतरलेल्या पंजाची इंग्रजी कथा सांगत. त्यात पंजाकडे मागितलेले दोनशे पौंड मिळतात, पण मुलाच्या मृत्यूची भरपाई म्हणून. आपल्याकडे भस्मासुराची कथा आहेच. वर देताना विचार केला नाही, तर पळत सुटावे लागते.

वीनर यांना चूक दाखविणारे वडील घरातच होते. माझ्यासारख्या, घराण्यातून प्रथमच कॉलेजात आलेल्या विद्यार्थ्याला यंत्राने सफाईदार भाषेत चुकीचे उत्तर दिले, तर घरी ते ओळखणार कोण? ज्याला पडताळून पाहणारे कोणी नाही, त्यालाच हा धोका अधिक. म्हणून यंत्राला खुशाल विचारावे. पण ते उत्तर ग्रंथालयातील पुस्तकाशी ताडून पाहावे, प्राध्यापकांना दाखवावे. नावेला यंत्र जोडले तरी सुकाणू आपल्याच हाती हवे.