अनवाणी बिकिला आणि बुटांचा प्रश्न
इथिओपियाच्या शाही रक्षक दलातील अबेबे बिकिला (१९३२-१९७३) यांनी १९६०ची रोम ऑलिम्पिक मॅरेथॉन अनवाणी धावून २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत जिंकली. नवे बूट पायाला नीट बसत नव्हते. अनवाणी धावण्याचा सराव मात्र होता. १९६४मध्ये टोकियोत, अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांच्या आत, ते बूट घालून धावले आणि पुन्हा सुवर्णपदक मिळवले. १९६८मध्ये मेक्सिकोत मात्र पायाच्या दुखापतीमुळे शर्यत अर्धवट सोडावी लागली. तेव्हा बुटाचा तळ पातळ की जाड, एवढ्यावर दुखापत टळत नाही. बूट पायाला नीट बसणारे हवेत. ते बदलायचे तर हळूहळू. पोटरीला आणि पावलाच्या हाडांना नव्या भाराची सवय व्हायला वेळ लागतो.