शेवटच्या रांगेतल्या बाईपर्यंत

मैत्रिणींनो, कोल्हापूरला कामाला गेलं की खासबाग मैदानाजवळून आपण कितीतरी वेळा जातो. शेजारीच केशवराव भोसले नाट्यगृह. पोरांची गॅदरिंगं, नाटकं, सत्कार, सगळं तिथं व्हायचं. नाव सगळ्यांच्या तोंडात, पण हे केशवराव कोण म्हणून विचारलं तर कुणी म्हणेल आमदार असतील, कुणी म्हणेल पैलवान असतील. आमच्या गगनबावड्यात मी महिला भजनी मंडळात पेटी धरते. तिथं विचारलं तर दोघींनाच ठाऊक होतं की हे गायक-नट होते. आणि गायक म्हणजे तरी कसले? माणसं त्यांना संगीतसूर्य म्हणत. ज्या पट्टीत बाकीच्या पुरुषांचा आवाज पोचणंच मुश्कील, तिथं हा माणूस रात्र रात्र गायचा.

केशवरावांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० चा, कोल्हापूरचाच. वडील विठ्ठलराव वैद्यकी करायचे. पोरं लहान असतानाच ते गेले आणि घरात जानकीबाई आणि मुलं एवढीच उरली. त्या काळच्या विधवेपुढं कसले मार्ग होते ते आपल्याला सांगायला नको. दळणकांडण, नाहीतर कुणाच्या तरी दारात उभं राहायचं. जानकीबाईंनी मुलांना नाटक कंपनीत घातलं. जनूभाऊ निमकरांची स्वदेशहितचिंतक नाटक मंडळी तेव्हा जोरात होती. आज ऐकताना वाटतं, एवढंसं पोर आईनं असं कसं दिलं? पण कंपनीत निदान दोन वेळचं जेवण होतं, अंगावर कपडा होता. पाटी-पेन्सिल हातात घ्यायच्या वयात केशवच्या हातात पायातल्या घुंगरांची दोरी आली, एवढाच फरक.

पोराचा गळा मात्र विलक्षण निघाला. तेव्हा नाटकात बायकांनी काम करायची पद्धत नव्हती. शिष्टसंमत घरातली बाई रंगभूमीवर दिसणं म्हणजे बदनामीच. त्यामुळं बायकांची कामं मुलगे करायचे. ज्याचा आवाज उंच आणि चेहरा नाजूक, त्याला लुगडं नेसवायचं. केशवला शारदा मिळाली. गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संगीत शारदा’ १८९९ साली रंगभूमीवर आलेलं. पैशासाठी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधली जाणारी कोवळी पोर, ही त्यातली गोष्ट. त्या काळी ही गोष्ट घराघरातली होती. पुढं १९२९ साली बालविवाहाविरुद्ध कायदा झाला, तो सारडा कायदा. नाव हरविलास सारडा यांच्यावरून पडलेलं, पण महाराष्ट्रात कित्येकांना ते या शारदेवरूनच पडलं असं वाटायचं, इतकी ती लोकांच्या मनात बसली होती. केशवनं ती शारदा गायली आणि पोरवयातच त्याचं नाव गावोगाव झालं.

आता इथं जरा थांबून आवाजाचं गणित सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. पेटीवर पुरुषमंडळी साधारण काळी एक किंवा पांढरी एक-दोन धरून गातात. आपल्या बायकांचा गळा काळी चार, काळी पाचला मोकळा होतो. लहान मुलगे आपल्यासारखेच वरच्या पट्टीत गातात. मग तेरा-चौदाव्या वर्षी मुलाचा कंठ वाढतो, आतल्या स्वरतंतूंची लांबी वाढते आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. यालाच आपण आवाज फुटला म्हणतो. नाटक कंपनीतल्या मुलाला हे वय म्हणजे संकट. काल जो पोरगा नायिका म्हणून टाळ्या घ्यायचा, तो आवाज फुटला की पडदे ओढायला नाहीतर स्वैपाकघरात. कित्येकांच्या आयुष्याची माती अशीच झाली.

केशवरावांचा गळा या वयातूनही वरच राहिला. आवाज पुरुषी झाला, त्यात धार आली, जोर आला, पण उंची गेली नाही. वरच्या षड्जाला जाऊन तिथं नुसतं टेकायचं नाही, तर तिथून जलद ताना घ्यायच्या, ही त्यांची ओळख. नुसत्या देणगीवर हे होत नाही. आपल्याकडं कुणाचा आवाज चांगला असला की आपण देवाची देणगी म्हणून मोकळे होतो. पण देणगी सांभाळायला रोजचा रियाज लागतो आणि गुरूही लागतो. रामकृष्णबुवा वझे यांच्यासारख्या जबरदस्त गवयाचं मार्गदर्शन केशवरावांनी घेतलं. नाव झाल्यावरही ते शिकत राहिले.

उंच आवाजाची गरजच काय होती, असंही कुणाला वाटेल. तर तेव्हा माईक नव्हता. पत्र्याची नाहीतर लाकडी नाट्यगृहं, कुठं कुठं नुसता मंडप. रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेला संपायचं. एकेका पदाला वन्समोअर पडायचे, तेच पद पुन्हा पुन्हा म्हणायचं. पुढं बसलेल्या शेठसावकारांना हळू गायलेलंही ऐकू जाणार, पण मागं जमिनीवर बसलेल्यांचं काय? त्यांनीही पैसे मोजलेले. बायका तर बऱ्याच ठिकाणी वेगळ्या, मागच्या नाहीतर वरच्या जागेत. माणसाचा कान जाड आवाजापेक्षा टोकदार, उंच आवाज चटकन पकडतो. आमच्याकडं याची परीक्षा दर पावसाळ्यात होते. गगनबावड्याचा पाऊस म्हणजे काय ते ज्यानं बघितलंय त्याला माहीत. रोपलावणीला चिखलात उभं राहून पलीकडच्या वाफ्यातल्या जावेला हाक मारायची, तर पुरुषांचा घोगरा आवाज पावसात विरतो, बाईची बारीक हाक बरोबर पोचते. केशवरावांचा आवाज असाच पोचायचा. शाहू महाराजांच्या पुढाकारानं खासबागेच्या कुस्तीच्या मैदानात, उघड्यावर, ‘मृच्छकटिक’चा प्रयोग झाला. तिकीट काढून नाट्यगृहात जाणं ज्यांना कधी जमलं नसतं अशी माणसं तिथं जमली. छप्पर नाही, भिंती नाहीत, माईक नाही. तिथं गळ्याशिवाय दुसरा आधार कसला?

कंपनीशी पुढं बिनसलं आणि केशवराव बाहेर पडले. १ जानेवारी १९०८ रोजी हुबळीत त्यांनी स्वतःची ‘ललितकलादर्श’ ही नाटक मंडळी काढली. वय किती? साडेसतरा. आपल्या घरातला या वयाचा मुलगा बारावीला असतो आणि त्याला दूध प्यायला हाक मारावी लागते. या मुलानं बिऱ्हाडासह एक अख्खी कंपनी डोक्यावर घेतली. नट, वाजवणारे, पडदे, कपडे, आचारी, गावोगावचा प्रवास. एवढ्यांची चूल एका गळ्यावर पेटायची. घसा बसला तर प्रयोग बंद, प्रयोग बंद तर पगार बंद.

बायकांच्या दृष्टीनं मला ललितकलादर्शचं आणखी एक मोल वाटतं. हिराबाई पेडणेकर या मराठीतल्या पहिल्या स्त्री नाटककारांपैकी महत्त्वाचं नाव. जन्म सावंतवाडीचा, म्हणजे आमचा घाट उतरून खाली गेलं की त्याच मुलखातला. कलावंत घराण्यातल्या म्हणून समाजानं त्यांना कायम उंबऱ्याबाहेर ठेवलं. त्यांचं ‘संगीत दामिनी’ हे नाटक रंगभूमीवर आणलं ते केशवरावांच्या कंपनीनं. बाईनं स्टेजवर उभं राहायचं नाही असा तो काळ, त्यात बाईनं लिहिलेलं नाटक करायचं म्हणजे धंद्याचा विचार करता धाडसच. पुढं पहिल्या महायुद्धाच्या काळात मामा वरेरकरांचं ‘हाच मुलाचा बाप’ त्यांनी केलं. विषय हुंड्याचा. शंभर वर्षं उलटून गेली, तरी लग्न ठरवताना याद्या करणाऱ्या घरांत ते नाटक आजही दाखवावं असं आहे!

नाटक दिसायलाही चांगलं पाहिजे हा त्यांचा आग्रह होता. पु. श्री. काळे यांच्यासारख्या चित्रकारानं ललितकलादर्शचे देखावे रंगवले. मखमली पडदाही मराठी रंगभूमीवर त्यांनीच आणला असं सांगतात.

आणि मग आला ८ जुलै १९२१. मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग झाला. दोन कंपन्या, एकमेकींच्या स्पर्धक, आणि दोघींचे मालक एका रंगमंचावर. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर. आजच्या भाषेत सांगायचं तर दोन सुपरस्टार एकाच सिनेमात. लोकांचे तट पडलेले होतेच. कुणी गंधर्वांचे, कुणी भोसल्यांचे. दोघांच्या गाण्याची जात वेगळी. बालगंधर्वांचा आवाज मऊ, लडिवाळ, मनात मुरणारा. केशवरावांचा उंच, धारदार, वीज कडाडावी तसा. गंमत बघा, त्या रात्री स्त्रीवेषातल्या नटाचा आवाज मृदू आणि शूर सेनापती झालेल्या पुरुषाचा आवाज गगनाला भिडणारा. उंच आवाज म्हणजे बायकी, हे ज्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय त्यांनी ही रात्र आठवावी.

तो प्रयोग गाजला. पण पुढं तीन महिनेसुद्धा मिळाले नाहीत. विषमज्वरानं, म्हणजे टायफॉईडनं, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी पुण्यात केशवराव गेले. वय अवघं ३१. आज ज्या तापाला डॉक्टर गोळ्या देऊन घरी पाठवतात, त्या तापानं एवढा मोठा गळा नेला. टायफॉईडवर चालणारं औषध यायला अजून पंचवीसेक वर्षं होती. कमावता मुलगा गेला, की त्या घराचं काय होतं हे मी लिहायला नको.

कंपनी मात्र बुडाली नाही. बापूराव पेंढारकरांनी ती पुढं चालवली, त्यांच्यामागं त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकरांनी. उंच, आक्रमक गाण्याची वाटही बंद पडली नाही. वझेबुवांकडंच शिकलेल्या मास्टर दीनानाथ मंगेशकरांच्या गळ्यातही तीच चमक होती. त्यांची थोरली लेक लता. वरच्या पट्टीतला तिचा आवाज पुढं रेडिओवरून आपल्या प्रत्येकीच्या स्वैपाकघरात आला. त्या आवाजाला बारीक म्हणून नाकारणारेही सुरुवातीला भेटले होते, ही गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच. तोवर जगही बदललं होतं. १९३२ साली कोल्हापुरातच प्रभातनं ‘अयोध्येचा राजा’ काढला, त्यात तारामती झाली ती खरीखुरी बाई, दुर्गा खोटे. मुलग्याला लुगडं नेसवायचे दिवस संपत आले आणि आपला आवाज आपल्याच तोंडून ऐकू येऊ लागला.

शाहू महाराजांनी १९१३ ते १९१५ या काळात बांधलेल्या पॅलेस थिएटरला १९५७ साली केशवरावांचं नाव दिलं गेलं. तेच ते खासबागेजवळचं नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते पेटलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. रंगमंच जळाला, छप्पर कोसळलं. त्या रात्री मोठमोठे कलावंत रस्त्यावर उभे राहून रडले. इमारत पुन्हा उभी करण्याचं काम सरकारनं हाती घेतलं. दगड-लाकूड पुन्हा आणता येतं.

मला काळजी दुसरीच वाटते. आमच्या भागात अजूनही मुलगी जरा मोकळ्या आवाजात बोलली की तिला गप्प केलं जातं. केवढ्यानं ओरडतीस, हळू बोल, लोक काय म्हणतील. मुलगा बारीक आवाजात गायला की त्याची टिंगल होते. आणि भजनात काय होतं? हार्मोनियमवर कुणी बुवा बसले की ते आपल्या सोयीची पट्टी धरतात. मग आपल्या बायका खालच्या स्वरांत पुटपुटतात, नाहीतर एकदम वर जाऊन किंचाळतात, आणि शेवटी म्हणतात की आम्हाला गायलाच येत नाही. अहो, गाता येत नाही असं नव्हे, पट्टी आपली नसते! आमच्या मंडळात मी हट्टानं काळी चार धरायला लागले. पहिले दोन गुरुवार सगळ्याजणी बिचकल्या. तिसऱ्या गुरुवारी सत्तरीच्या आजी असा काही स्वर लावून गेल्या की बाहेर पारावर बसलेली माणसं वळून बघायला लागली.

तेव्हा पुढच्या वेळी भजनाला बसलात की पेटीवाल्याला आधी सांगा, आमची पट्टी धरा. आणि घरातलं पोरगं असो की पोरगी, वरचा सूर लावत असेल तर त्याला लावू द्या. जानकीबाईंनी गरिबीपायी का होईना, पोराच्या गळ्याला वाट दिली. आपल्याला तर तेवढीही अडचण नाही.