पुढचं गाव माहीत असलं तरी पुरे



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ४०.

आपल्या भाषेत अर्थ सांगायचा तर, या वाटेवर जेवढं चाललात तेवढं तुमच्या खात्यात जमा राहतं. मध्येच थांबावं लागलं म्हणून आधीचं पुसलं जात नाही. आणि थोडंसं आचरणही माणसाला मोठ्या भीतीतून सोडवतं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे कोडची पहिली ओळ लिहायच्या आधी डिझाइन डॉक्युमेंट लागतं, एस्टिमेट लागतं, रोडमॅप लागतो. ते तिथे योग्यच आहे. पण हीच सवय साधनेत आली की सुरुवातच होत नाही. आधी चांगली प्रत मिळू दे, मग थोडं संस्कृत शिकू दे, मग हे रिलीज संपू दे! शेवटपर्यंतचा रस्ता दिसत नाही तोवर पहिलं पाऊल टाकायचं नाही, ही आपल्या पिढीची मोठी भीती आहे. म्हणून आज हा श्लोक विनोबा भावे यांच्या आयुष्यातून वाचूया.

विनायक नरहरी भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा, आजच्या रायगड जिल्ह्यातल्या गागोदे गावातला. पुढे कुटुंब बडोद्याला गेलं. गणितात हुशार मुलगा, घरात शिस्त, पुढे शिक्षण आणि मग नोकरी असा सरळ रस्ता समोर होता. पण मनात दोन ओढी होत्या. एक हिमालयात जाऊन साधना करायची, दुसरी बंगालमधल्या क्रांतिकारकांना जाऊन मिळायची. आईच्या चुलीत त्यांनी आपली सर्टिफिकेटं जाळली. मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईच्या गाडीत बसले, पण सुरतला उतरले, वडिलांना पत्र टाकलं आणि काशीचा रस्ता धरला.

काशीत पोचल्यावर पुढे हिमालय की बंगाल, हे ठरलेलं नव्हतं. तिथे संस्कृत ग्रंथांचा अभ्यास सुरू केला. त्याच वर्षी फेब्रुवारीत गांधीजींचं काशीतल्या हिंदू विश्वविद्यालयात भाषण झालं होतं. त्याचा वृत्तांत विनोबांनी वाचला, गांधीजींना पत्र लिहून शंका विचारल्या आणि ७ जून १९१६ ला ते अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात हजर झाले. हिमालय राहिला, बंगालही राहिला. पण त्या दोन्ही ठिकाणी जे शोधायला निघाले होते, ते एकाच माणसात सापडलं अशी त्यांची भावना झाली.

इथे एक गोष्ट नीट बघा. पुढचा नकाशा नसलेला हा माणूस रोजच्या वागण्यात मात्र काटेकोर होता. आश्रमातून वर्षभराची रजा घेऊन ते वाईला गेले, नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे उपनिषदं आणि ब्रह्मसूत्रं शिकले. वर्ष संपलं त्या दिवशी आश्रमात परत! रोडमॅप नव्हता, पण वेळापत्रक पक्कं होतं. मला वाटतं विनोबांची सगळी गोम इथेच आहे.

आता गीताईची गोष्ट. आईला गीता समजून घ्यायची होती, पण मिळणारे मराठी अनुवाद तिला कठीण जात. मग तूच का नाही सोपी करत, असं तिने मुलाला सुचवलं. तेव्हा विनोबा विशीच्या आसपास होते. ते काम आपल्या हातून कधी आणि कसं होणार, याचा काही आराखडा नव्हता. १९१८ मध्ये आई गेली. विनोबा मात्र वाचत राहिले, कातत राहिले, शिकवत राहिले. १९२१ मध्ये गांधीजींनी वर्ध्याला पाठवलं, तिथलं काम करत राहिले. ऑक्टोबर १९३० मध्ये गीताई लिहायला घेतली आणि फेब्रुवारी १९३१ मध्ये संपवली. साधारण चार महिने! पण त्यामागे पंधराएक वर्षांची तयारी होती, आणि ती करताना प्रत्येक दिवस फक्त त्या दिवसाचं काम होता. १९३२ मध्ये ते धुळ्याच्या तुरुंगात असताना कैद्यांसमोर अठरा रविवार गीतेवर बोलले. साने गुरुजी तिथेच कैदेत होते, त्यांनी ते उतरवून घेतलं. आज घरोघरी असलेली ‘गीता प्रवचने’ अशी झाली. पुस्तक लिहायचं म्हणून कोणी बसलंच नव्हतं.

आणि मग १९५१. हैदराबादजवळ शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलन होतं. विनोबा तेव्हा पवनारला राहत होते. त्यांनी पायी जायचं ठरवलं आणि मार्चमध्ये निघाले, सुमारे ३०० मैल. संमेलन झाल्यावर ते तेलंगणातल्या गावांमधून फिरू लागले. जमिनीच्या प्रश्नावर तिथे सशस्त्र लढा चालू होता, गावं दोन्ही बाजूंच्या हिंसेत भरडली जात होती. लोकांना भेटायचं, ऐकायचं, एवढंच काम हातात होतं.

१८ एप्रिलला ते नलगोंडा जिल्ह्यातल्या पोचमपल्लीत पोचले. तिथल्या दलित कुटुंबांनी सांगितलं की ८० एकर जमीन मिळाली तर आमचं पोट भरेल. विनोबांकडे उत्तर नव्हतं. सरकारकडे मागणी पाठवायचा विचार होता. तरीही त्यांनी जमलेल्या गावकऱ्यांसमोर प्रश्न ठेवला, की तुमच्यातल्या कोणाला काही करता येईल का? रामचंद्र रेड्डी नावाचे जमीनदार उभे राहिले आणि १०० एकर द्यायला तयार झाले. भूदान इथे सुरू झालं.

त्या रात्री विनोबांना नीट झोप लागली नाही. हा योगायोग होता की इशारा? दारोदार जमीन मागायची, हे हास्यास्पद नाही का ठरणार? कायदा नाही, संस्था नाही, पैसा नाही. दुसऱ्या दिवशी ते पुढच्या गावात गेले आणि तिथे मागितली. मिळाली. तेलंगणातल्या सुमारे ५० दिवसांत १२ हजार एकरांच्या वर जमीन जमली.

पुढे पंतप्रधान नेहरूंनी पहिल्या पंचवार्षिक योजनेवर चर्चेसाठी त्यांना दिल्लीला बोलावलं. विनोबा तिथेही चालतच गेले आणि वाटेत जमीन मागत गेले. मागायची पद्धतही चालता चालता घडली. घरात पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या, असं ते सांगत. १९५२ मध्ये उत्तर प्रदेशातलं मंगरोठ हे अख्खं गाव पुढे आलं आणि भूदानातून ग्रामदान निघालं. तेरा वर्षं देशभर चालून एप्रिल १९६४ मध्ये ते पवनारला परतले. एकूण दानाचा आकडा ४० लाख एकरांच्या पुढे गेला.

पण पुढचंही बघायला हवं. उद्दिष्ट ५ कोटी एकरांचं होतं, ते फार दूर राहिलं. दिलेली कितीतरी जमीन खडकाळ निघाली, काही वादातली होती, आणि बरीच वाटलीच गेली नाही. १९५६ च्या अखेरीस तमिळनाडूत पळनीला भूदान समित्या मोडण्याचा निर्णय झाला. चळवळ लोकांच्याच बळावर चालावी, हा त्यामागचा विचार. विचार उंच होता, पण कागदपत्रं, मोजणी, वाटप हे काम करणारे हात त्यामुळे कमी झाले. म्हणजे तपशील आधी ठाऊक नसला तरी चालतं, पण तो समोर आल्यावर कोणीतरी उचलावाच लागतो. आजच्या श्लोकाने तपशिलातून सुटका दिलेली नाही. सुटका आहे ती भीतीतून.

तरी एक विचारून बघतो. पोचमपल्लीत विनोबा पूर्ण योजनेसाठी थांबले असते तर? ते १०० एकरही मिळाले नसते. ज्या भूमिहीनाला त्या जमिनीचा तुकडा मिळाला, त्याला ५ कोटींचं उद्दिष्ट हुकल्याने काय फरक पडला असेल? श्लोक जे म्हणतो, थोडंसंही वाया जात नाही, ते त्याच्या शेतात दिसतं.

१५ नोव्हेंबर १९८२ ला पवनारला, अन्नपाणी सोडून, विनोबांनी शांतपणे देह ठेवला.

आजसाठी एवढंच करूया. जे काम नकाशा नाही म्हणून थांबलंय, त्यातलं फक्त उद्याचं पाऊल लिहून काढा. पारायण असेल तर उद्याच्या पाच ओव्या. सेवा असेल तर उद्याचा एक फोन. वेळ ठरवा आणि ती पाळा. परवाचं परवा दिसेल. आणि जे तपशील वाटेत समोर येतील, त्यांना कंटाळू नका, तेही साधनेतच धरा.

हे माउली, सगळी वाट दाखव असा हट्ट आम्ही करत नाही. पुढच्या गावापर्यंत चालायचं बळ दे.

राम कृष्ण हरि. उद्या भेटू, श्लोक ४१ सह.