लाव्हाझिए : चित्रातला आणि चित्राआडचा

इ.स. १७८८ मध्ये झाक-लुई दाविद या विख्यात फ्रेंच चित्रकाराने पॅरिसमधील एका दांपत्याचे भव्य तैलचित्र रंगविले. लाल मखमलीने आच्छादलेल्या मेजापाशी काळ्या पोशाखातील एक गृहस्थ लिहिता लिहिता थांबला आहे आणि खांद्यावर हात टेकून उभ्या असलेल्या पत्नीकडे मान वर करून पाहत आहे. मेजावर व जमिनीवर काचेची, पितळेची उपकरणे आहेत. हा गृहस्थ म्हणजे आधुनिक रसायनशास्त्राचा जनक आंत्वान लाव्हाझिए.

१७४३ साली जन्मलेल्या लाव्हाझिएने कायद्याचे शिक्षण घेतले, परंतु त्याचे मन रमले ते विज्ञानात. १७६८ साली तो विज्ञान अकादमीचा सदस्य झाला. त्याच वर्षी त्याने करवसुलीचा मक्ता घेणाऱ्या एका धनाढ्य मंडळीत भागही विकत घेतला. ही मंडळी राजाला ठरलेली रक्कम देत आणि मीठ, तंबाखू यांवरील कर प्रजेकडून वसूल करीत. त्या संपत्तीच्या आधारावर लाव्हाझिएची प्रयोगशाळा सुसज्ज झाली. ज्वलन म्हणजे पदार्थाचा प्राणवायूशी होणारा संयोग, हे त्याने काटेकोर वजनमापाने सिद्ध केले. १७८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या रसायनशास्त्रावरील ग्रंथातील आकृत्या पत्नी मारी-आन हिने रेखाटल्या. चित्रकलेचे धडे तिने दाविदकडेच घेतले होते. चित्रात डावीकडे खुर्चीवर ठेवलेली रेखाटनांची बाडे तिच्या या कार्याची खूण आहेत.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०२१ साली या चित्राच्या रंगथरांची तपासणी प्रसिद्ध केली, तेव्हा खाली दडलेले आधीचे चित्र उघड झाले. त्यात मारी-आनच्या मस्तकावर फुलाफितींनी सजविलेली मोठी टोपी होती. उपकरणे मात्र नव्हती. प्रथम रंगविले गेले होते ते श्रीमंत मक्तेदाराचे कुटुंब. संशोधक दांपत्य त्यावर नंतर अवतरले.

रंगाने झाकलेली ती बाजू क्रांतीच्या काळात झाकली राहिली नाही. जकात चुकवून माल आत येऊ नये म्हणून पॅरिसभोवती भिंत बांधण्याची सूचना लाव्हाझिएचीच होती, आणि त्या भिंतीबद्दल नागरिकांच्या मनात तीव्र रोष होता. ८ मे १७९४ रोजी इतर मक्तेदारांसह त्याचा शिरच्छेद झाला. मारी-आनचे वडीलही त्यांत होते. त्या वेळी चित्रकार दाविद क्रांतिशासनाच्या सुरक्षा समितीचा सदस्य होता.

केवळ उपकरणे पाहून लाव्हाझिएला निष्कलंक ठरविणे अपुरे; केवळ मक्ता आठवून त्याचे विज्ञान विसरणेही तितकेच अपुरे. व्यक्तिचित्र पाहताना काय दाखविले आहे याबरोबरच काय झाकले आहे, हेही विचारावे लागते. वैधव्यात मारी-आनने पतीचे शोधनिबंध संकलित करून १८०५ साली प्रसिद्ध केले. चित्रात पतीची दृष्टी तिच्यावर खिळलेली आहे; ती मात्र पाहणाऱ्याकडे पाहते आहे.