रंग न दिलेलं चाक: एत्तोरे बुगाटी आणि त्यांची अलॉय व्हील्स

फोनचं कव्हर जरा काढून बघा. फोनची कड ॲल्युमिनियमची असेल, तर तिच्यावरचा तो मऊ, मॅट रंग सहसा पेंट नसतो. तो ॲल्युमिनियमच्याच ऑक्साइडचा थर असतो आणि त्यातच रंग मुरवलेला असतो. याला ॲनोडायझिंग म्हणतात. ॲल्युमिनियमवर वरून काय लावायचं आणि काय नाही, हा प्रश्न फोनच्या बाबतीत फार तर दिसण्याचा आहे. पण शंभर वर्षं जुन्या रेसिंग कारच्या चाकावर त्याचं उत्तर चुकलं, तर ड्रायव्हरचा जीव जाऊ शकतो. आज अशाच एका चाकाची आणि ते बनवणाऱ्या एत्तोरे बुगाटींची गोष्ट.

डिग्री नसलेला इंजिनीअर

एत्तोरे यांचा जन्म १८८१ साली इटलीतल्या मिलानमध्ये झाला. वडील कार्लो हे नावाजलेले फर्निचर डिझायनर, तर धाकटा भाऊ रेम्ब्रांट प्राण्यांची शिल्पं घडवणारा. घरात लाकूड, धातू, कलाकुसर असा सगळा माहोल. इंजिनीअरिंगची डिग्री माझ्याकडे आहे, एत्तोरेंकडे नव्हती! पोरवयातच ते मिलानच्या एका कारखान्यात शिकाऊ म्हणून लागले आणि विशीत स्वतःची कार डिझाइन करून मोकळे झाले. १९०९ मध्ये त्यांनी अल्सास प्रांतातल्या मोल्सहाइम गावात स्वतःचा कारखाना काढला. तेव्हा हा भाग जर्मनीत होता, पहिल्या महायुद्धानंतर तो फ्रान्सकडे आला.

घरातले संस्कार त्यांच्या गाड्यांत स्पष्ट दिसतात. इंजिनाचे पृष्ठभाग हाताने घासून सपाट केलेले, डॅशबोर्डच्या ॲल्युमिनियमवर एकमेकांवर चढलेली गोल-गोल नक्षी. धातू झाकायचा नाही, तो नीट घडवायचा आणि तसाच दाखवायचा, असा एकूण हिशोब.

१९२४ चं चाक

टाइप ३५ ही त्यांची सगळ्यात गाजलेली रेसिंग कार. तिचं पदार्पण ऑगस्ट १९२४ मध्ये, लिऑनच्या ग्रांप्री शर्यतीत झालं. त्या काळी स्पोर्ट्स कारला बहुतेक सायकलसारखी तारांची चाकं असायची. एत्तोरेंनी मात्र आठ चपट्या आऱ्यांचं, ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं ओतीव चाक दिलं आणि ब्रेकचा ड्रम चाकातच ओतला. फायदा दुहेरी होता. ॲल्युमिनियम उष्णता पटकन वाहून नेतं, त्यामुळे ब्रेक थंड राहायला मदत व्हायची. शिवाय चाक काढलं की ब्रेक लगेच डोळ्यांसमोर! कल्पना अगदी पहिली नव्हती, अमेरिकेत हॅरी मिलर यांनी अशा चाकाचं पेटंट आधीच घेतलं होतं. पण जगाला अलॉय व्हीलची ओळख झाली ती बुगाटींमुळे.

पहिल्या शर्यतीत मात्र फजिती झाली. टायर फाटत गेले आणि बुगाटी संघाला सातव्या स्थानाच्या वर जाता आलं नाही. नव्या चाकांकडे बोट दाखवणं सोपं होतं, पण दोष टायरच्या रबरात होता. एत्तोरेंनी चाक सोडलं नाही. १९२५ ते १९२९ अशी सलग पाच वर्षं सिसिलीची टार्गा फ्लोरिओ शर्यत बुगाटीने जिंकली.

उघडा धातू टिकतो कसा?

निळ्या बॉडीखाली ही चाकं चंदेरी, उघड्या धातूची दिसतात. मग ती खराब कशी होत नाहीत? हवा लागताच ॲल्युमिनियमवर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर आपोआप तयार होतो. ओरखडा पडला की तिथे नवा थर येतो. म्हणजे स्वतःच रिपेअर होणारा स्क्रीनगार्ड समजा! तीव्र ॲसिड, सोड्यासारखा अल्कली पदार्थ आणि मीठ यांच्यापुढे मात्र तो टिकत नाही.

ॲनोडायझिंगमध्ये हाच थर विजेच्या मदतीने मुद्दाम जाड करतात, काही मायक्रोमीटरपर्यंत. १९२३ मध्ये ब्रिटनमध्ये सीप्लेनचे भाग वाचवण्यासाठी ही पद्धत आली. पुढे १९६६ मध्ये पोर्शे ९११ एस ला मिळालेली फुक्सची घडीव चाकं याच पद्धतीने चमकली.

झाकलं की फसलं

आता मुख्य मुद्दा. जुनी चाकं नवी दिसावीत म्हणून त्यांवर पावडर कोटिंग करतात. कोरडी पूड चिकटवून साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला भाजायची. दिसायला एक नंबर! पण पोलादाला ताणाची एक मर्यादा असते, तिच्या खालचा ताण कितीही वेळा आला तरी ते सहसा थकत नाही. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. प्रत्येक खड्डा, प्रत्येक वळण हिशोबात जमा होतं आणि एक दिवस आऱ्याच्या मुळाशी केसाएवढी भेग पडते.

ही भेग उघड्या धातूवर सापडू शकते. लाल द्रव लावायचा, पुसायचा, वर पांढरी पूड मारायची. भेगेत शिरलेला द्रव लाल रेघ होऊन वर येतो. पण वर कोटिंग असेल, तर ही चाचणीच होत नाही. आधी वाळूचा जोरदार मारा करून चाक साफ केलं असेल, तर धातू पसरून भेगेचं तोंडही बुजू शकतं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: चाक खरंच रस्त्यावर धावणार असेल, तर आधी तपासणी, मग चमक. आणि कारखान्यातून ते उघडं आलं असेल, तर उघडंच ठेवा.

शेवटची वर्षं

एत्तोरेंनी पुढे रोयाल नावाची अवाढव्य कार काढली. जागतिक मंदीत ती खपली नाही, तेव्हा तिची इंजिनं त्यांनी फ्रान्सच्या रेल्वेच्या डब्यांना बसवली. ऑगस्ट १९३९ मध्ये मुलगा जाँ कारची चाचणी घेताना सायकलस्वाराला वाचवायला गेला आणि झाडावर आदळून गेला. वय अवघं ३०. मग महायुद्ध आलं, कारखाना हातातून गेला. ऑगस्ट १९४७ मध्ये एत्तोरे वारले.

त्यांची कितीतरी चाकं आजही धावतात. कुठे जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात असं चाक दिसलं, तर चमक बघून पुढे जाऊ नका. आरा जिथे मधल्या भागाला मिळतो, तिथे नीट बघा. धातू दिसतोय की नुसता रंग?