पोस्टमन झाला पोलिसांचा गुरू : ऑगस्ट व्होल्मर यांची गोष्ट

१९०४ सालची गोष्ट. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातल्या बर्कले गावात एक पोस्टमन आपलं टपाल वाटत फिरत होता. गावच्या मुख्य रस्त्यातूनच रेल्वेचे रूळ गेलेले. तेवढ्यात मालाने भरलेला एक उघडा डबा उताराला सुटला आणि वेग घेत स्टेशनकडे निघाला. पुढे स्टेशनात प्रवाशांचा डबा उभा होता. पोस्टमनने धावत जाऊन त्या सुटलेल्या डब्यावर उडी मारली आणि ब्रेक आवळला. टक्कर टळली. माणसं वाचली.

त्या पोस्टमनचं नाव ऑगस्ट व्होल्मर. पुढच्याच वर्षी गावाने त्यांना पोलिसांचा प्रमुख म्हणून निवडून दिलं. आज अमेरिकेत त्यांना आधुनिक पोलीस खात्याचे जनक मानतात. गाडीवरची गस्त, गुन्ह्यांच्या पद्धतशीर नोंदी, प्रयोगशाळा, पोलिसांचं कॉलेज शिक्षण, खोटं पकडायचं यंत्र, यातल्या प्रत्येक गोष्टीच्या सुरुवातीला त्यांचं नाव येतं. पण त्यांची खरी झुंज होती ती एका जुन्या सवयीशी. संशयिताला आत घ्यायचं, मारायचं आणि कबुली काढायची, ही ती सवय. ती झुंज अजून संपलेली नाही. तिकडेही नाही आणि आपल्याकडेही नाही.

गवत-कोळशाच्या दुकानातून पोलिसांत

व्होल्मर यांचा जन्म ७ मार्च १८७६ रोजी न्यू ऑर्लिन्स शहरात झाला. आईबाप जर्मनीतून आलेले. ऑगस्ट लहान असतानाच वडील वारले. आईने काही काळ मुलांना घेऊन जर्मनी गाठलं, मग परत अमेरिकेत आली आणि १८९० च्या सुमारास हे कुटुंब बर्कलेत स्थिरावलं. पोराची शाळा फार झाली नाही. वयाची विशी गाठायच्या आतबाहेर त्याने मित्राबरोबर दुकान टाकलं. दुकानात काय, तर जनावरांचं गवत, जळाऊ लाकूड आणि कोळसा.

१८९८ साली अमेरिका आणि स्पेनचं युद्ध पेटलं. व्होल्मर सैन्यात भरती झाले आणि थेट फिलिपिन्समध्ये पोचले. तिथे त्यांनी लढाया पाहिल्या, बोटीवरून गस्तही घातली. वर्षभराने परत आले आणि १९०० पासून पोस्टमनची नोकरी धरली. घरोघर टपाल वाटणारा माणूस म्हणजे गावातलं प्रत्येक दार त्याच्या ओळखीचं.

त्या काळी बर्कलेत जुगाराचे आणि अफूचे अड्डे उघड चालायचे. पोलीस थोडे आणि त्यांच्यावर लोकांचा विश्वास त्याहून थोडा. स्थानिक वर्तमानपत्राच्या संपादकाने व्होल्मर यांना निवडणुकीला उभं राहायला लावलं. १९०५ साली ते मोठ्या फरकाने निवडून आले. वय २९. पोलिसातला अनुभव शून्य.

सायकल, दिवे आणि वह्या

पहिल्याच वर्षात त्यांनी ओळखलं की गुन्हा झाल्यावर पोलिसाला कळायलाच फार वेळ लागतो. म्हणून शिपायांना सायकली दिल्या. पायी चालणारा शिपाई एक गल्ली बघतो, सायकलवाला अर्धं गाव बघतो. पण सायकलवरच्या माणसाला निरोप द्यायचा कसा? त्यावर त्यांनी चौकाचौकांत दिवे टांगले. ठाण्यात बटण दाबलं की दिवा पेटायचा. दिवा दिसला की शिपाई जवळच्या फोनपेटीवरून ठाण्यात बोलायचा. आज ११२ नंबर फिरवल्यावर गाडी येते, त्या व्यवस्थेचं हे फार जुनं रूप म्हणता येईल.

१९०६ साली शेजारच्या सॅन फ्रान्सिस्कोत मोठा भूकंप झाला. हजारो बेघर माणसं खाडी ओलांडून बर्कलेत आली. हाताशी पोलीस मोजकेच. व्होल्मर यांनी गावातल्याच माणसांना मदतीला घेऊन बंदोबस्त सांभाळला.

यानंतर त्यांनी नोंदींचं काम हाती घेतलं. कुठे चोरी झाली, किती वाजता झाली, चोर खिडकीतून शिरला की कुलूप तोडून, काय नेलं आणि काय सोडलं, हे सगळं लिहून ठेवायला लावलं. प्रत्येक चोराची आपली एक पद्धत असते, ती सहसा बदलत नाही, हे त्यामागचं सूत्र. नोंदी जुळवल्या की दोन चोऱ्यांमागचा हात एकच आहे का, हे कळू लागलं. नकाशावर गुन्ह्याच्या जागा मांडून जिथे गर्दी दिसेल तिथे गस्त वाढवायची, हेही त्यांनी सुरू केलं. आज संगणकावर हेच काम चालतं.

विषाच्या प्रकरणाने डोळे उघडले

सुरुवातीच्याच वर्षांतलं एक प्रकरण. एक माणूस विषाने मेलेला सापडला. वरवर पाहता आत्महत्या. व्होल्मर यांना शंका आली, पण विषाचा अभ्यास त्यांच्याकडे नव्हता. बर्कलेत मोठं विद्यापीठ होतं. ते सरळ तिथले जीवशास्त्राचे प्राध्यापक जॅक लोएब यांच्याकडे गेले. लोएब यांचं मत खुनाकडे झुकलं. तरीही चौकशीत आत्महत्या असाच निकाल लागला. प्रकरण हातचं गेलं, पण व्होल्मर धडा शिकले. पुरावा कसा जपायचा, तो काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे पोलिसाला शिकावंच लागेल.

शाळा अर्धवट राहिलेला हा माणूस मग रात्र रात्र वाचत बसला. १९०८ साली त्यांनी शिपायांसाठी शाळा काढली. विद्यापीठाचे प्राध्यापक येऊन शिपायांना कायदा, प्रथमोपचार, फोटो काढणं, पुरावे गोळा करणं शिकवू लागले. १९१६ पासून विद्यापीठातच पोलिसांसाठी अभ्यासक्रम सुरू झाला. व्होल्मर कॉलेजात शिकणाऱ्या पोरांना पोलिसात घेऊ लागले. लोकांनी आधी थट्टा केली. पुस्तकं वाचणारा पोलीस चोर काय पकडणार, असं बोललं गेलं.

१९१९ साली त्यांनी वॉल्टर गॉर्डन या कृष्णवर्णीय तरुणाला भरती केलं. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. खात्यातल्या काहींनी कुरकुर केली. ज्यांना पटत नाही त्यांनी खुशाल नोकरी सोडावी, अशी व्होल्मर यांची भूमिका राहिली. गॉर्डन नोकरी करत वकिलीही शिकले आणि पुढे न्यायाधीश झाले.

दर शुक्रवारी खात्याची बैठक व्हायची. तिथे कुणीही कुणाचीही चूक तोंडावर सांगायची, अगदी साहेबांचीसुद्धा. पाठीमागे बोलणं बंद आणि समोर बोलणं चालू, असा तो कायदा होता.

मारून काढलेली कबुली

त्या काळी अमेरिकेतल्या पोलीस ठाण्यांत मारहाण सर्रास चालायची. रबरी नळीने मारायचं, झोपू द्यायचं नाही, तासन्‌तास प्रश्न विचारायचे. कबुली मिळाली की तपास संपला. व्होल्मर यांनी बर्कलेत हे बंद केलं. ते दयाळू होते म्हणून केलं असं कुणाला वाटेल, पण हिशेब वेगळाही होता. माराला घाबरून माणूस न केलेला गुन्हाही कबूल करतो. मग निर्दोष आत जातो, खरा गुन्हेगार बाहेर मोकळा फिरतो आणि पोलिसाला वाटतं, आपलं काम झालं. ज्याला मारता येतं तो पुरावा शोधायला शिकतच नाही.

पण मार बंद केला तर खरं बाहेर काढायचं कसं? याचं उत्तर शोधताना जॉन लार्सन पुढे आले. लार्सन शरीरशास्त्रातले डॉक्टरेट आणि नोकरीने बर्कलेचे पोलीस. १९२१ साली त्यांनी रक्तदाब, नाडी आणि श्वास एकाच वेळी कागदावर उतरवणारं यंत्र तयार केलं. पहिल्या प्रकरणांतलं एक होतं कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहातल्या चोऱ्यांचं. व्होल्मर यांनी या यंत्राला पाठिंबा दिला. काठीच्या जागी यंत्र आलं तर माणसाचं अंग तरी वाचेल, असा त्यांचा विचार होता.

पुढे या यंत्राचा बाजार झाला. घाबरलेल्या निर्दोष माणसाचीही नाडी वाढते आणि सराईत खोटारडा शांत बसू शकतो, ही यातली मुख्य अडचण. रक्तदाबावरून खोटं ओळखायची अशीच दुसरी एक चाचणी वॉशिंग्टनच्या न्यायालयाने १९२३ सालीच पुरावा म्हणून नाकारली होती. खुद्द लार्सन यांनाही पुढे आपल्या यंत्राच्या वापराबद्दल पश्चात्ताप वाटला.

एका वर्षाचं लॉस एंजेलिस

१९२३ साली लॉस एंजेलिस शहराने व्होल्मर यांना वर्षभरासाठी पोलीसप्रमुख म्हणून बोलावलं. बर्कले छोटं, लॉस एंजेलिस अफाट. तिथे दारू-जुगाराचा पैसा पोलीस आणि राजकारण दोन्हींत मुरलेला. व्होल्मर यांनी आकडे तपासून बंदोबस्त लावला, सगळ्या पोलिसांची बुद्धिमापन चाचणी घेतली, अभ्यास करून सुधारणांचा मोठा अहवाल दिला. वर्ष संपलं, ते बर्कलेला परतले आणि अहवालातलं बरंचसं कपाटात पडून राहिलं. वरून राजकारण्यांचा हात असेल तोवर एकटा अधिकारी खातं बदलू शकत नाही, हे त्यांना तिथे चांगलंच कळलं.

१९२९ साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी कायदा आणि अंमलबजावणी तपासायला एक आयोग नेमला. विकरशॅम आयोग म्हणून तो ओळखला जातो. पोलिसांवरचा त्याचा अहवाल मुख्यतः व्होल्मर यांनी लिहिला. त्याच आयोगाच्या दुसऱ्या अहवालात पोलिसांच्या मारहाणीचं चित्र आलं. १९३१ साली हे सगळं छापून आलं आणि देश हादरला. ठाण्याच्या चार भिंतींत काय चालतं, हे सरकारी कागदावर आलं होतं.

१९३२ साली ते बर्कलेच्या खात्यातून निवृत्त झाले आणि विद्यापीठात शिकवू लागले. १९३६ साली पोलीस आणि समाज या विषयावरचं त्यांचं पुस्तक आलं. नशेच्या आहारी गेलेला माणूस हा पोलिसांचा नाही तर दवाखान्याचा विषय आहे, असं त्यांनी त्यात मांडलं. आज यावर जगभर चर्चा चालते. त्यांनी ते नव्वद वर्षांपूर्वी लिहिलं.

गुरूच्याही चुका

व्होल्मर यांच्या कामाची दुसरी बाजूही आहे. फिलिपिन्सच्या युद्धात शिकलेले सैनिकी डावपेच त्यांनी पोलिसात आणले. पोलीस लष्करासारखे वागू लागले त्याची मुळं इथेही आहेत, असं आजचे अभ्यासक दाखवून देतात. त्यांच्या अभ्यासक्रमात वंश आणि आनुवंशिकता यांचा गुन्ह्याशी संबंध जोडणारे धडे होते. ते विचार पुढे चुकीचे आणि घातक ठरले. आपल्याकडे इंग्रजांनी अख्ख्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. जन्मावरून माणसाला गुन्हेगार ठरवणं म्हणजे काय, हे महाराष्ट्रातल्या पारधी वस्त्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

गाड्यांचंही तसंच झालं. १९१४ च्या सुमारास बर्कलेची गस्त मोटारीवर गेली आणि पुढे सगळीकडे हाच रिवाज पडला. १९७२-७३ मध्ये कॅन्सस सिटी शहरात एक प्रयोग झाला. काही भागांत गाडीची गस्त वाढवली, काही भागांत बंद केली, काही भागांत होती तशी ठेवली. वर्षभराने पाहिलं तर गुन्ह्यांत म्हणावा असा फरक नाही आणि लोकांच्याही ते ध्यानात आलं नाही. पुढे न्यूअर्क शहरात पायी गस्तीचा प्रयोग झाला. गुन्हे फारसे घटले नाहीत, पण लोकांची भीती कमी झाली, कारण पोलीस समोर दिसत होता, बोलत होता. घरोघर टपाल वाटणाऱ्या व्होल्मर यांना ओळखीची किंमत माहीत होती. गाडीच्या काचेआड ती ओळख हरवली.

आपल्या ठाण्यापर्यंत

आपल्या कायद्यात पोलिसापुढे दिलेली कबुली न्यायालयात पुरावा धरली जात नाही. ही तरतूद इंग्रजांच्या काळापासून आहे आणि नव्या कायद्यातही कायम आहे. कारण तेच, ती कशी काढली असेल याचा भरवसा नाही. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नार्को किंवा खोटं पकडायची चाचणी कुणावरही जबरदस्तीने करता येणार नाही. २०२० साली प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही बसवायचा आदेश दिला, कोठडीसकट. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करायचे आहेत. त्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे.

म्हणजे विषाच्या त्या प्रकरणात व्होल्मर जे शिकले, ते आपल्या कायद्यात आता आलं आहे. ते तालुक्याच्या ठाण्यापर्यंत पोचायला माणसं लागतील, प्रयोगशाळा लागतील आणि शिकलेला शिपाई लागेल.

शेवटच्या वर्षांत व्होल्मर यांना कंपवाताने आणि कर्करोगाने गाठलं. हात साथ देईनात. ४ नोव्हेंबर १९५५ रोजी बर्कलेतल्या घरी त्यांनी स्वतःच आपलं आयुष्य संपवलं. वय ७९. त्यांच्या हाताखाली शिकलेले अधिकारी तोवर अमेरिकेतल्या अनेक शहरांत पोलीसप्रमुख झाले होते. बर्कलेजवळच्या एका डोंगरमाथ्याला आजही त्यांचं नाव आहे.